छी, त्सुन आणि ली: चिनी लांबीची मापं मीटरमध्ये आणायची कशी

माझ्या एका मित्राचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. त्याने चीनहून थोडा माल मागवला तेव्हा यादीचं भाषांतर तपासायला मला बसवलं होतं. एका ओळीत आलं 'चार फन'. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. एक फन म्हणजे ३.३३ मिलिमीटर, गुणिले चार, १३.३. "तेरा मिलिमीटरचा जोड दिसतोय हा," मी जाहीर करून टाकलं. दुकानातले जुने फिटर काका बाजूला चहा पीत बसले होते. त्यांनी नमुन्याचा तुकडा उचलला, आट्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कसले तेरा मिलिमीटर? अर्धा इंची आहे. चार सूत."

काकांना चिनीचं एक अक्षर येत नाही, पण बरोबर तेच होते. नळकामातला चिनी फन म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तंतोतंत आपला सूत, ३.१७५ मिलिमीटर. चार फन म्हणजे अर्धा इंच, सहा फन म्हणजे पाऊण इंच. त्यातही अर्धा इंची हे फक्त पाइपचं नाव. लोखंडी पाइप बाहेरून मोजला तर २१.३ मिलिमीटर भरतो, त्यामुळे माझे तेरा मिलिमीटर कुठेच सापडले नसते. माझा ३.३३ हा आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्या फनचा होता.

चिनी मापांची सगळी गंमत आणि सगळा घोळ इथेच आहे. एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या लांब्या नांदतात. म्हणून आकडेमोड शेवटी करायची. आधी विचारायचं की हे माप कुठलं, कधीचं आणि कुणाच्या धंद्यातलं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: मूळ शिडी पाठ करा

चीनमध्ये आज बोलण्यात जी जुनी मापं येतात ती 'बाजारी' पद्धतीची. तिथल्या तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारने १९२९ मध्ये वजनमापांचा कायदा केला आणि १ जानेवारी १९३० पासून तो लागू झाला. जुनी मापं मोडून काढण्याऐवजी ती मेट्रिकला सोप्या प्रमाणात बांधून टाकायची, अशी त्यामागची शक्कल होती. एक लिटरला एक शंग, एक किलोला दोन जिन आणि एक मीटरला तीन छी. एक, दोन, तीन. लांबीसाठी यातलं शेवटचं एवढंच लक्षात ठेवा: तीन छी म्हणजे एक मीटर.

(मराठी कानाला 'छी' हा उच्चार चमत्कारिक वाटतो, माहीत आहे. चारदा म्हटलं की सवय होते.)

छीच्या खाली आणि वर दहा-दहाच्या पायऱ्या आहेत:

हाओ: ०.०३३ मिलिमीटर
ली (छोटी): ०.३३३ मिलिमीटर
फन: ३.३३ मिलिमीटर
त्सुन: ३.३३ सेंटिमीटर
छी: ३३.३३ सेंटिमीटर
जांग: ३.३३ मीटर
यिन: ३३.३३ मीटर
ली (मोठी): ५०० मीटर

शेवटची मोठी ली दहाच्या हिशेबात बसत नाही. ती १५० जांग, म्हणजे १,५०० छी. आधी ती १,८०० छींची होती. १९२९ च्या कायद्याने तीनशे छी छाटून ती बरोबर अर्ध्या किलोमीटरवर आणून बसवली. छोटी ली आणि मोठी ली ही वेगळी अक्षरं आहेत आणि बोलताना त्यांचा सूरही वेगळा लागतो, पण देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. संदर्भावरून गोंधळ होत नाही. रस्त्याचं अंतर कुणी मिलिमीटरच्या तुकड्यांत सांगत नाही.

हिशेब करताना ०.३३३३ ने गुणत बसू नका, तीनने भागा. ७ छी ५ त्सुन म्हणजे ७.५ छी, भागिले तीन, अडीच मीटर. उलट जायचं तर तीनने गुणा. माणसाची उंची १.७१ मीटर असेल तर ५.१३ छी, म्हणजे ५ छी १ त्सुन ३ फन. दशमान असल्याने दशांश चिन्हानंतरचा प्रत्येक आकडा पुढच्या लहान मापाचा असतो. आपल्या फूट-इंचासारखं बाराने भागायची कटकट नाही. मोठ्या लीचं तर याहून सोपं: निम्मे करा की किलोमीटर. चाळीस ली म्हणजे वीस किलोमीटर.

छी आणि फूट मात्र एक समजू नका. छी म्हणजे १३.१२ इंच. फरक नऊ-दहा टक्क्यांचा वाटतो, पण दहा छींची भिंत दहा फूट अकरा इंच निघते, आणि त्या अकरा इंचांत कपाट बसतं किंवा बसत नाही.

पायरी २: मापाच्या आधी काय लागलंय ते बघा

चिनी भाषेने मीटर, फूट, मैल यांना नवी नावं शोधण्यापेक्षा जुन्याच मापांना उपसर्ग लावले. हे तीन उपसर्ग ओळखता आले की अर्धा घोळ मिटतो.

'शी' म्हणजे बाजार. शीछी ही वर सांगितलेली एक-तृतीयांश मीटरची छी, शीली म्हणजे ५०० मीटर.

'गोंग' म्हणजे सार्वजनिक, म्हणजे इथे मेट्रिक. गोंगछी म्हणजे मीटर, गोंगफन म्हणजे सेंटिमीटर, गोंगली म्हणजे किलोमीटर. तैवानमध्ये ही नावं सर्रास चालतात. चीनमध्ये मीटरला 'मी' आणि सेंटिमीटरला 'लीमी' म्हणतात, पण किलोमीटरला तिथेही गोंगलीच.

'यिंग' म्हणजे इंग्लिश. यिंगत्सुन म्हणजे इंच, यिंगछी म्हणजे फूट, यिंगली म्हणजे मैल.

आता अडचण अशी की बोलताना लोक उपसर्ग गाळतात. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइलचा पडदा 'इतक्या त्सुनचा' असं म्हटलं तर तो इंचच, कारण पडदे जगभर इंचांत विकले जातात. ५५ त्सुनचा टीव्ही ३.३३ ने गुणून १८३ सेंटिमीटरचा समजलात तर भिंत कमी पडेल.

आणखी एक सापळा 'लीमी'चा. छोटी ली हा छीचा हजारावा भाग, म्हणजे एक-तृतीयांश मिलिमीटर. पण तिला 'मी' जोडून झालेली लीमी हा मीटरचा शंभरावा भाग, म्हणजे सेंटिमीटर. तसंच हाओमी म्हणजे मिलिमीटर आणि फनमी म्हणजे डेसिमीटर. अक्षर तेच, पण शेपटीला 'मी' आहे की नाही यावर लांबी तीसपट बदलते. यादीत अक्षर अर्धवट छापलं असेल तर पुरवठादाराला विचारा, अंदाज करू नका.

भाषांतराचं ॲप इथे घात करतं. त्सुनला इंच, छीला फूट आणि लीला मैल करून ते मोकळं होतं. म्हणून मापाच्या जागी मूळ अक्षर पाहायची सवय ठेवा. 'हजार मैलांचा प्रवास एका पावलाने सुरू होतो' हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या भिंतींवरही असतं. त्यातले मैल असेच आले, मुळात हजार ली आहेत. जुन्या लीने ते अंतर ४१६ किलोमीटर होतं, मुंबईहून कोल्हापूरच्या थोडं पुढे. हजार मैल धरले तर आपण दिल्लीही ओलांडून गेलो.

पायरी ३: माल कुठून आलाय?

मुख्य चीन, तैवान आणि हाँगकाँग या तिन्ही ठिकाणी छी वेगळी आहे.

चीनमध्ये ३३.३३ सेंटिमीटर. सरकारी व्यवहारातून ही मापं गेली. १९८४ च्या आदेशाने १९९० अखेरपर्यंत बाजारी मापं बंद करायचं ठरलं होतं. बोलण्यातून मात्र ती हललेली नाहीत, जसे आपले सूत आणि गुंठे हललेले नाहीत.

तैवानमध्ये छी ३०.३०३ सेंटिमीटर. तिथे १८९५ पासून पन्नास वर्षं जपानी राज्य होतं आणि जपानच्या १८९१ च्या कायद्याने शाकू हे माप मीटरचे दहा भागिले तेहेतीस ठरवलं होतं. तीच छी तिथे राहिली. तैवानी घरांचं क्षेत्रफळ पिंगमध्ये सांगतात. सहा छी गुणिले सहा छी म्हणजे एक पिंग, ३.३०६ चौरस मीटर किंवा ३५.६ चौरस फूट. वीस पिंगचं घर म्हणजे आपल्या भाषेत सातशे बारा स्क्वेअर फूट.

हाँगकाँगमध्ये या मापाला कँटोनीज उच्चाराने 'छेक' म्हणतात आणि कायद्यानुसार ते १४ इंच आणि ५ अष्टमांश, म्हणजे चौदा इंच पाच सूत. मीटरमध्ये ०.३७१४७५. पण तिथे फ्लॅट इंग्रजी चौरस फुटांतच विकले जातात. जाहिरातीत छीच्या अक्षराशेजारी छोटंसं तोंडाचं चिन्ह लावलेलं अक्षर दिसलं तर तो इंग्रजी फूट समजायचा.

जुने व्यापारी कागद हाताळणाऱ्यांसाठी चौथी छी आहे. १८५८ च्या जकात नियमांत दहा छींची एक जांग म्हणजे १४१ इंग्रजी इंच असं धरलं होतं. त्या काळच्या लोकांना हे सोपं जावं म्हणून 'चार यार्डांना तीन इंच कमी' असा हिशेब दिला होता. त्या हिशेबाने छी ३५.८ सेंटिमीटर होते. एकोणिसाव्या शतकातल्या जकातीच्या कागदांत छी दिसली की आधी ही लावून बघा.

ओघाने जमिनीचंही सांगतो, कारण चीनमधल्या शेतीबद्दल वाचताना 'मू' येतंच. एक मू म्हणजे साठ चौरस जांग, ६६६.६७ चौरस मीटर. पंधरा मूंचा एक हेक्टर. आपल्या गुंठ्यांत एक मू म्हणजे ६.५९, साडेसहा गुंठ्यांच्या थोडं वर. आणि एक एकर म्हणजे सहा मूंना किंचित जास्त.

पायरी ४: कुणाच्या धंद्यातलं माप?

नळाचा फन वर आलाच. त्याच्या पलीकडची तीन-चार क्षेत्रं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

कपडे. चिनी कपड्यांच्या तक्त्यांत कंबर अजूनही छीमध्ये सांगतात आणि ही बाजारी छीच असते. 'दोन छी चार' म्हणजे २.४ भागिले ३, ८० सेंटिमीटर, साडेएकतीस इंच. 'दोन छी' म्हणजे सव्वासव्वीस इंच, 'दोन छी सात' म्हणजे ९० सेंटिमीटर, साधारण साडेपस्तीस. इथे त्सुनला इंच समजलात आणि दोन छी चारला 'दोन फूट चार इंच' केलंत तर अठ्ठावीसची पँट येईल, बटण लागणार नाही.

मशिन शॉप. पिंपरी-चिंचवडच्या किंवा कोल्हापूरच्या कारखान्यात चिनी मशिन बसवायला आलेला कारागीर 'दोन स' असं काही म्हणाला तर दचकू नका. हे 'स' म्हणजे रेशमाचा धागा आणि मशिनवाल्यांच्या बोलीत ते मिलिमीटरचा शंभरावा भाग, दहा मायक्रॉन. आपल्याकडच्या जुन्या टर्नरचा 'थाऊ' हा इंचाचा हजारावा भाग, म्हणजे अडीच स. जुन्या शिडीतला स मात्र हाओचा दहावा भाग, ०.००३३ मिलिमीटर, तो इथे लावलात तर टॉलरन्स तिपटीने चुकेल. त्यांचं बारीक माप रेशमाच्या धाग्यावरून आणि आपलं सुतावरून, हे मला फार आवडलं.

अ‍ॅक्युपंक्चर. इथला त्सुन सेंटिमीटरमध्ये कधीही बदलू नका. तो रुग्णाच्या शरीरावरच मोजायचा असतो. अंगठ्याची रुंदी एक त्सुन, चार बोटं जुळवून धरली की तीन त्सुन, कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत बारा त्सुन. मी माझा हात टेपने मोजला. घडी ते घडी साडेपंचवीस सेंटिमीटर भरला, म्हणजे माझा त्सुन २.१ सेंटिमीटरचा. बाजारी त्सुन धरला असता तर हाच हात ४० सेंटिमीटरचा व्हायला हवा होता. म्हणून 'मनगटाच्या घडीपासून वर दोन त्सुन' असं लिहिलेल्या बिंदूपुढे कंसात '६.७ सेंमी' असं कुणी छापलं असेल तर ते पान बाजूला ठेवा. आयुर्वेदातही शरीर ज्याच्या त्याच्या बोटांनी, स्वांगुलाने मोजतात. वैद्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फेंगशुईचा टेप. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही टेपांवर सेंटिमीटरच्या शेजारी चिनी अक्षरांचे लाल-काळे पट्टे असतात. वरची पट्टी लू बान या दंतकथा बनलेल्या चिनी सुताराच्या छीची; ती ४२.९ सेंटिमीटरची असते आणि तिचे शुभ-अशुभ असे आठ भाग पाडलेले असतात, एकेक भाग साडेपाच सेंटिमीटरहून जरा कमी. ती दारं-खिडक्यांसाठी. खालची पट्टी ३८.८ सेंटिमीटरची, ती थडगी आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी. या पट्ट्या लांबी सांगत नाहीत, मुहूर्त सांगतात. सुताराला असा टेप दिलात तर सेंटिमीटरची बाजू कुठली ते आधी दाखवून द्या.

पायरी ५: काळ कुठला?

इतिहास वाचणाऱ्यांसाठी आणि भाषांतर करणाऱ्यांसाठी हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

चिनी इतिहासकारांनी हान काळाच्या अखेरचा मुत्सद्दी चूगे लियांग याची उंची आठ छी नोंदवली आहे. आजच्या छीने तो पावणेनऊ फूट निघतो. कन्फ्यूशियसची उंची ९ छी ६ त्सुन, म्हणजे ३.२ मीटर! असा हिशेब मी छापील पुस्तकातही पाहिला आहे. हान काळाची, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची छी मात्र २३.१ सेंटिमीटरची होती. ती लावली की चूगे लियांग १ मीटर ८५ सेंटिमीटरवर येतो: उंचापुरा, पण माणसातला. कन्फ्यूशियस तरीही २.२ मीटर भरतो. त्याला लोक 'लांब माणूस' म्हणायचे असं तिथेच लिहिलंय, तेव्हा थोडी अतिशयोक्ती धरून चालू.

छी काळाबरोबर वाढत गेली. साधारण आकडे असे धरा (नावं बहुतेक राजघराण्यांची, जुन्यापासून नव्याकडे):

शांग काळ: १६ सेंटिमीटर
छिन आणि हान: २३.१
तीन राज्यांचा काळ: २४.२
थांग: ३० च्या आसपास
सोंग: ३१ ते ३२
मिंग आणि छिंग, बांधकामाची छी: ३२
१९३० पासून: ३३.३३

शांग काळाच्या हाडाच्या आणि हस्तिदंती पट्ट्या मिळाल्या आहेत, त्यांची लांबी सोळा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे आपली वीतच, जरा आखडती. चिनीत नवऱ्याला 'जांगफू' म्हणतात, अक्षरशः 'एक जांगचा पुरुष'. आजच्या जांगने तो दुमजली घराच्या खिडकीत डोकावेल. शांग छीच्या दहापटीने १६० सेंटिमीटर होतो आणि शब्द जागेवर बसतो. आठ छींचं 'श्युन' हे आणखी एक जुनं माप आहे, दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर. हान छीने १८५ सेंटिमीटर. दोरी आणि विहीर मोजणाऱ्या आपल्या माणसाला ते एका शब्दात कळेल: वाव.

छी वाढली का? याचं एक पटणारं कारण कराचं आहे. कर कापडाच्या रूपात गोळा व्हायचा आणि कापड सरकारी पट्टीने मोजलं जायचं. पट्टी बोटभर लांब केली की कराचा दर न वाढवता कापड वाढतं. घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं, ही युक्ती कुठल्या एका देशाची नाही.

मूळ माप टिकवायचे प्रयत्नही झाले. हान काळात छीची सांगड संगीताशी घातली होती. मूळ स्वर देणारी बासरीसारखी नळी नऊ त्सुन लांब, आणि ती लांबी काळ्या राळ्यासारख्या धान्याचे नव्वद दाणे शेजारी-शेजारी मांडून पडताळायची. एक दाणा म्हणजे एक फन. आपल्याकडे आठ यवांचं एक अंगुल होतं, त्याचाच हा चुलतभाऊ. इ.स. ९ चं, वांग मांग या सम्राटाच्या काळातलं, ब्राँझचं सरकतं कॅलिपरही मिळालंय. त्यावर त्सुन आणि फनच्या खुणा कोरल्या आहेत. व्हर्नियरची पट्टी सोडली तर हातात घेताच कुठल्याही टर्नरला ते ओळखू येईल.

लीचं रूपांतर करताना एक पायरी जास्त आहे, कारण ली छीवर नाही, पावलांवर उभी आहे. जुन्या काळी सहा छींचं एक 'बू' म्हणजे दुहेरी पाऊल, आणि तीनशे बूंची एक ली. हान छीने १,८०० गुणिले २३.१, म्हणजे ४१६ मीटर. थांग काळात बू पाच छींचा झाला आणि ली ३६० बूंची. पण तीनशे बूंची जुनी लीही चालू राहिली. त्यामुळे थांग ली ४५० मीटर की ५४० मीटर, हे मजकूर बघून ठरवावं लागतं. छिंग काळात १,८०० गुणिले ३२, म्हणजे ५७६ मीटर.

थांग काळात आणखी एक मेख होती. तेव्हा छी दोन होत्या. रोजच्या व्यवहाराची मोठी, ३० सेंटिमीटरची. आणि खगोल, औषधं, विधी यांसाठी छोटी, २४.६ सेंटिमीटरच्या आसपासची. याचा फटका कसा बसतो बघा. इ.स. ७२४ मध्ये यी शिंग या बौद्ध भिक्षूच्या आखणीनुसार चीनभर सावल्या मोजल्या गेल्या आणि उत्तर-दक्षिण एक अंश (अक्षांशाचा) म्हणजे ३५१ ली ८० बू असं निघालं. (हा यी शिंग भारतातून तिथे गेलेल्या शुभाकरसिंहाबरोबर ग्रंथांची भाषांतरं करत होता.) तीनशे बूंची ली आणि मोठी छी धरली तर उत्तर १५८ किलोमीटर येतं. खरं अंतर १११ किलोमीटर, म्हणजे भिक्षू बेचाळीस टक्के चुकला. पण खगोलाला छोटी छी वापरायची म्हटली की तेच उत्तर सुमारे १३० किलोमीटर होतं आणि चूक सतरा टक्क्यांवर येते. उरलेल्या पंचवीस टक्क्यांची चूक रूपांतर करणाऱ्याची.

पायरी ६: आकडा मोजलेला आहे की बोललेला?

चिनी भिंतीला 'दहा हजार लींची भिंत' म्हणतात. निम्मे करून ५,००० किलोमीटर असं लिहायचा मोह होतो. पण चिनीत दहा हजार म्हणजे 'अगणित', आपण 'हजारदा सांगितलं' म्हणतो तसं. २००९ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत एकट्या मिंग काळाच्या भिंतीची लांबी ८,८५० किलोमीटर भरली. २०१२ मध्ये सगळ्या काळांच्या भिंती मिळून २१,१९६ किलोमीटर सांगितल्या गेल्या. माओच्या सैन्याची १९३४-३५ ची लाँग मार्च २५,००० लींची सांगतात, म्हणजे १२,५०० किलोमीटर. तो आकडाही घोषणेचा आहे, कुणी साखळी टाकून मोजलेला नाही.

आता सगळ्या पायऱ्या एकत्र लावून बघू, आणि त्यासाठी आपल्याच घरचं उदाहरण घेऊ. शाळेत आपण वाचलेला चिनी बौद्ध यात्रेकरू युआन श्वांग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला. त्याच्या नोंदीत या राज्याचा घेर सहा हजार लींहून जास्त आणि राजधानीचा घेर तीस लींहून जास्त. काळ थांग, तेव्हा ली ४५० ते ५४० मीटर. घेर २,७०० ते ३,२४० किलोमीटर, राजधानी साडेतेरा ते सोळा किलोमीटर. दोन्ही आकडे पूर्णांकी आणि दोन्हींना 'हून जास्त' जोडलेलं, म्हणजे ऐकीव अंदाज. '३,२४० किलोमीटर' असं न लिहिता 'सुमारे तीन हजार' लिहिणंच प्रामाणिक.

अंतरांच्या बाबतीत तर त्याने स्वतःच हात झटकले आहेत. भारतीय योजन म्हणजे किती ली, यावर तो तीन उत्तरं देतो: जुन्या समजुतीनुसार चाळीस, भारतातल्या चालीनुसार तीस, धर्मग्रंथांनुसार सोळा. म्हणजे सात किलोमीटरपासून एकवीस किलोमीटरपर्यंत काहीही. योजनाचा आठवा भाग म्हणजे क्रोश, आपला कोस, आणि त्याची व्याख्या त्याने दिलीय ती गाईचं हंबरणं ऐकू येईल तितकं अंतर.

त्याच प्रकरणात राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन आहे, जे बहुतेक अभ्यासक अजिंठ्याचं मानतात. विहाराची उंची शंभर छींहून जास्त, आत बुद्धाची दगडी मूर्ती सत्तर छींहून उंच, आणि तिच्यावर आधाराशिवाय अधांतरी असलेली सात दगडी छत्रं, प्रत्येकी तीन छींच्या अंतरावर. मोठ्या छीने मूर्ती २१ मीटरची. छोटी छी लावली तरी १७ मीटर. अजिंठ्यात सव्वीस क्रमांकाच्या लेण्यातला पहुडलेला बुद्ध सात मीटरांच्या आसपास आहे. कुठलीही छी लावली तरी हे जुळत नाही, आणि अधांतरी छत्रं पाहिल्यावर जुळायचं कारणही नाही: हे ऐकलेलं वर्णन आहे.

असा मजकूर मराठीत आणताना मी आता तो असा लिहितो: 'सत्तर छींहून उंच', आणि खाली टीप, 'थांग काळाची मोठी छी ३० सेंटिमीटर धरल्यास सुमारे २१ मीटर'. दुकानाच्या यादीतही तसंच. मूळ अक्षर, मूळ आकडा, कुठली छी धरली ते, आणि मग मिलिमीटर. फिटर काकांनी परवा ती नवी यादी बघितली, मिलिमीटरचा रकाना बोटाने झाकला आणि चौथ्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं, 'सहा सूत'.